दोन तोंडांचं वासरू आणि भोवतीची माणसं

(दृश्य: इंदूरहून देपालपूरकडे जाणारा रस्ता. दोन्ही बाजूंना सोयाबीन. एका घरासमोर दुचाकींची गर्दी.)

गोठ्याबाहेर चपलांचा ढीग पडला, की आत काहीतरी जगावेगळं जन्मलं आहे असं समजावं. दोन तोंडांचं वासरू. पाठीवर पाचवा पाय लोंबणारा गोऱ्हा. कपाळाच्या मध्यावर एकच डोळा असलेलं रेडकू. माळव्यात अशी बातमी दुपारपर्यंत चार गावं ओलांडते, आणि संध्याकाळी इंदूरच्या सुदामानगरात बसलेल्या माणसाच्या मोबाइलवरही तिचा व्हिडिओ येऊन पडतो. तोवर गोठ्यात कुंकू आलेलं असतं, नारळ फुटलेला असतो, ताटलीत दहा-वीसच्या नोटा जमलेल्या असतात. कुणी हात जोडून म्हणतं, महादेव आले. आणि दारापाशी उभं असलेलं दुसरं कुणी शेजाऱ्याच्या कानाशी लागून सांगतं, की या घराचं आता काही खरं नाही.

व्हिडिओत गाय मात्र सहसा दिसत नाही.

(दृश्य: गोठ्याची आतली बाजू. गाय बसलेली, मान टाकलेली.)

वासराचं डोकं दुप्पट रुंद असलं, किंवा पाय आखडून घट्ट झालेले असले, तर ते बाहेर पडताना अडकतं. मग गायीच्या रात्रभर कळा. मग चार माणसं दोर बांधून ओढतात. अशा बाळंतपणात गाय आतून फाटू शकते, तिचं गर्भाशय बाहेर येऊ शकतं, वार (वासराभोवतीची झिल्ली) आत अडकून राहू शकते. बारा तास उलटले तरी वार पडली नाही, तर डॉक्टर यायलाच हवा. आणि नेमक्या याच बारा तासांत घरात आरत्या चालू असतात, नाहीतर घरातली माणसं शांत कधी करायची ते विचारायला गुरुजींकडे गेलेली असतात. वासरू जगण्याजोगं नसेलही. गाय मात्र बहुतेक वेळा वाचण्याजोगी असते. म्हणून या विषयात आमचं पहिलं सांगणं हेच, की आधी गायीकडे बघा.

(दृश्य: रामबागेतल्या जुन्या वाड्याचं परस. रिकामी दावण.)

इंदूर होळकरांचं. रामबाग, नारायण बाग, राजवाड्यामागच्या गल्ल्या, इथल्या मराठी वाड्यांत एके काळी परसात गाय असायची. घरातल्या आज्यांना पंचांगातलं एक कलम पाठ असायचं: सूर्य सिंह राशीत असताना गाय व्यायली, माघात म्हैस व्यायली, श्रावणात भर दिवसा घोडी व्यायली, तर शांत करायची. वासरू अगदी धडधाकट असलं तरी! मग दोन तोंडांचं वासरू जन्मलं, तर त्या घरात काय धसका बसत असेल याची कल्पना करा.

हा धसका फार जुना आहे, आणि त्याची एक लेखी नोंद आपल्याच मुलखातली आहे. इथून सुमारे ५५ किलोमीटरवर उज्जैन. सहाव्या शतकात त्या अवंतीत वराहमिहिर होऊन गेला. त्याच्या बृहत्संहितेत उत्पातांचा एक मोठा अध्याय आहे, आणि त्यात भूकंप-उल्कांच्या बरोबरीनं विचित्र जन्मांचीही गणना आहे. घोडी, सांडणी, म्हैस, गाय, हत्तीण यांना जुळं झालं तर तोही उत्पात. उपाय काय? चार पायांचं जनावर असेल तर त्याला कळपातून काढून परक्या मुलखात सोडून द्यावं, नाहीतर नगराचा, मालकाचा आणि कळपाचा नाश होतो.

त्याच्याही हजारेक वर्षं आधीच्या, मेसोपोटेमियातल्या मातीच्या पाट्या आहेत. निनवेच्या राजा असुरबनिपालच्या ग्रंथालयातला हा संच चोवीस पाट्यांचा, आणि त्याचा विषय एकच: असं कोकरू जन्मलं तर राज्याचं काय होईल, तसं जन्मलं तर काय होईल. आम्हांला या जुन्या माणसांचा राग येत नाही. ती डोळे उघडे ठेवून बघत होती आणि जे दिसलं ते टिपून ठेवत होती. गर्भाशयाच्या आत काय चाललं आहे ते कळायला त्यांच्याकडे काही साधनच नव्हतं.

आपल्याकडे आहे. आणि तरीही परक्या मुलखात सोडून देणं थांबलेलं नाही. व्यंग असलेलं वासरू आजही रात्री गावाच्या शिवेवर सोडलं जातं, किंवा गोशाळेच्या फाटकाला बांधून माणसं निघून जातात.

याहून वाईट एक गोष्ट आहे, आणि ती कुठल्याच व्हिडिओत येत नाही. ग्रहणात गाभण जनावराच्या पोटाला गेरू लावायची चाल आहे. तो लावायचा राहिला आणि पुढे वासरू वेडंवाकडं जन्मलं, तर विचारणा कुणाकडे होते? घरातल्या सुनेकडे. ग्रहणात विळी हातात घेतली होतीस का, गोठ्यात अडचणीच्या दिवसांत गेली होतीस का. एका जनावराच्या पेशींत जे घडलं त्याचा जबाब एका बाईला द्यावा लागतो. गेरूनं जनावराचं काही बिघडत नाही. सुनेवर ठेवलेल्या या ठपक्यानं मात्र घर बिघडतं.

(दृश्य: गर्भाच्या वाढीचं रेखाचित्र, आठवड्यांच्या खुणांसह.)

मग पेशींत घडतं तरी काय?

गायीचं गाभणपण सुमारे २८० दिवसांचं, म्हशीचं ३१० च्या आसपास. पण अवयवांची मुख्य घडण पहिल्या दोनेक महिन्यांतच उरकते. एका फलित अंड्यातून दोन जीव होऊ लागले आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ती फाळणी अर्धवट राहिली, तर जुळी एकमेकांना जोडलेली राहतात. चेहरा घडवणारे रासायनिक संकेत बिघडले, तर एका डोक्यावर दोन चेहरे येऊ शकतात, किंवा दोन डोळ्यांच्या जागी एकच डोळा. टाळूचे दोन्ही भाग जुळायचे राहिले, की टाळू दुभंगते आणि प्यायलेलं दूध नाकातून बाहेर येतं. डॉक्टर हात घालून गाय गाभण असल्याचं सांगतात, तोवर यातलं बरंचसं होऊन गेलेलं असतं. कुणाला काही कळायच्या आत.

कारणं अनेक. गर्भातच काही आनुवंशिक दोष असतात. काही वेळा आईच्या खाण्यात अ जीवनसत्त्व फारच कमी पडतं आणि वासरू आंधळं जन्मतं. विषाणू असतात: २०११ साली जर्मनीतल्या श्मालेनबर्ग गावाच्या नावानं ओळखला गेलेला विषाणू चिलटांसारख्या बारीक माश्यांमधून पसरला, गायींना थोडा ताप आला, दूध कमी झालं, आणि काही महिन्यांनी युरोपभर वाकड्या, आखडलेल्या पायांची कोकरं आणि वासरं जन्मू लागली. आणि औषधं असतात. जंतांसाठी सर्रास दिलं जाणारं अल्बेंडाझोल हे औषध गाभणपणाच्या पहिल्या दीड महिन्यात गायीला देऊ नये, असं त्याच्या सूचनेतच छापलेलं असतं. पण ती कोण वाचतं? दुकानदार बाटली देतो, आपण पाजतो, आणि गाय तीन आठवड्यांपूर्वी भरवली होती, म्हणजे तिचा वळूशी संयोग किंवा कृत्रिम रेतन झालं होतं, हे त्या घडीला कुणाच्या ध्यानातही नसतं.

(दृश्य: डोंगरउतारावर चरणारी मेंढरं.)

आता अमेरिकेतल्या आयडाहोची गोष्ट, कारण ती माहीत असावी असं आम्हांला फार वाटतं. १९५० च्या दशकात तिथल्या मेंढपाळांच्या कळपांत एकाच डोळ्याची कोकरं जन्मू लागली. काही कळपांत तर जवळजवळ पाव कोकरं तशी. शास्त्रज्ञांनी आधी आनुवंशिक दोष धरला, तो निघाला नाही. मग त्यांच्यातला एकजण उन्हाळे-उन्हाळे कळपाबरोबर डोंगरात राहिला आणि मेंढ्या काय खातात ते बघत बसला. दोषी निघाली एक रानटी वनस्पती, व्हेराट्रम. गाभणपणाच्या बरोबर चौदाव्या दिवसाच्या सुमाराला मेंढीनं ती खाल्ली, तरच कोकरू एकडोळ्याचं होतं. आधी नाही, नंतर नाही. मेंढपाळांनी ते दिवस टाळून चराई सुरू केली.

त्या वनस्पतीतल्या द्रव्याला सायक्लोपामाइन असं नाव मिळालं. ते चेहरा घडवणाऱ्या संकेतांची एक साखळी अडवतं, हे १९९० च्या दशकात कळलं. आणि तीच साखळी त्वचेच्या एका कर्करोगात बेफाम चालू राहते! ती अडवणारं व्हिस्मोडेगिब हे औषध २०१२ साली अमेरिकेत मंजूर झालं. ज्या कोकराला बघून माणसं दचकली, त्याच्याकडे कुणीतरी नीट पाहिलं म्हणून ही वाट सापडली.

(दृश्य: गावातला मोकळा वळू. मग वीर्य केंद्रातला वळू.)

दुसरी गोष्ट वळूची. २००८ साली अमेरिकेत अँगस जातीच्या गायींना मेलेली, पाठ वाकलेली, पाय आखडलेली वासरं होऊ लागली. माग काढत गेल्यावर तो १९९० च्या सुमाराच्या एका नामांकित वळूपर्यंत पोचला. स्वतः ठणठणीत. दोषाची एक प्रत अंगात, पण लक्षण काहीच नाही. आई आणि बाप दोघांकडूनही ती प्रत आली तरच वासरू बिघडायचं. पशुपालकांनी आपापल्या गोठ्यांतली वासरं लपवली नाहीत, नमुने दिले, म्हणून काही महिन्यांत तपासणी तयार झाली.

आपल्या देशातही वीर्य केंद्रांसाठी होल्स्टीन या परदेशी दुधाळ जातीच्या वळूंच्या आनुवंशिक तपासण्या ठरलेल्या आहेत. गावात मोकळा फिरणारा वळू मात्र कुणी तपासत नाही. तो चार-पाच वर्षं एकाच गावात राहिला, की स्वतःच्याच कालवडी भरतो. लपलेले दोष असेच वर येतात.

आणि सगळी व्यंगं मरणाची नसतात, हे तर ओरडून सांगायला हवं. गुदद्वार नसलेलं वासरू जन्मतं. दोन-तीन दिवसांत पोट फुगून मरतं, आणि घरचे म्हणतात, आयुष्यच तेवढं होतं. पण पुष्कळदा तिथे फक्त कातडीचा पडदा असतो, आणि डॉक्टर छोट्याशा शस्त्रक्रियेनं वाट करून देतात. पुढचे खूर मागे दुमडून जन्मलेली वासरं पायाला आधाराच्या पट्ट्या बांधून कितीतरी वेळा चार पायांवर उभी राहतात. त्यांनाही आधी हवा असतो चीक, पहिल्या काही तासांत. रोगांशी लढायची ताकद वासराला त्यातूनच मिळते. इंदूरच्या मराठी घरांत खरवसाचं कौतुक मोठं, आमच्याही घरात आहे. पण पहिला चीक वासराचा. ते उभं राहू शकत नसेल तर पिळून, बाटलीनं पाजायचा. गिळता येत नसेल, दूध नाकातून येत असेल, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय तोंडात ओतायचं नाही, कारण ते फुप्फुसात जातं.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये दोन चेहऱ्यांचं एक मांजर होतं, फ्रँक आणि लुई नावाचं. एक दिवसाचं असताना त्याला कायमचं झोपवायला आणलं होतं. पशुवैद्यकीय परिचारिकेचं काम करणाऱ्या एका बाईनं ते घरी नेलं, नळीनं दूध पाजून वाढवलं. ते पंधरा वर्षं जगलं. असं नशीब क्वचितच. दोन तोंडांची बहुतेक वासरं काही तासांत किंवा दिवसांत जातात, आणि खरोखरच हाल होत असतील तर त्यांना डॉक्टरच्या हातून शांतपणे मरू देणं हीच माया आहे.

(दृश्य: नवलखा, प्राणिसंग्रहालयाबाहेरची रविवारची रांग.)

आपल्याला जन्मतः वेगळं असलेलं नेहमी भीतीदायकच वाटतं असंही नाही. इंदूरच्या प्राणिसंग्रहालयात पांढरा वाघ बघायला लेकरांना खांद्यावर घेऊन माणसं जातात. तो रंग म्हणजेही एका जनुकातला बदल. १९५१ साली रीवा संस्थानात पकडलेल्या मोहन नावाच्या बछड्यापासून पिंजऱ्यांतल्या पांढऱ्या वाघांचा वंश वाढला, जवळच्या नात्यांतले संबंध पुन्हा पुन्हा जुळवून. कित्येकांचे डोळे तिरळे असतात, कारण डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसाच चुकीच्या वाटेनं जातात. त्याला आपण राजा म्हणतो. आणि पाठीवर जास्तीचा पाय असलेल्या गोऱ्ह्याला झूल चढवून, कवड्या बांधून, भर उन्हात दारोदार फिरवतो. तो पाय नुसताच लोंबत असतो, पण डांबरावर चालणारे बाकीचे चार खरे असतात. कमाईसाठी दुसऱ्या जनावराचा अवयव शिवून असा पाय बनवल्याचे प्रकारही उघडकीला आले आहेत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं तो गुन्हा आहे.

(दृश्य: महू. पशुवैद्यक महाविद्यालयाचं फाटक.)

इंदूरपासून तासाभराच्या आत महू आहे. तिथलं पशुवैद्यक महाविद्यालय १९५५ पासूनचं. आपल्या गोठ्यात असं वासरू जन्मलं, तर १९६२ या क्रमांकावर फोन लावा. पशुवैद्यकाची फिरती गाडी मागवता येते. गर्दी बाहेर काढा, गायीला पाणी द्या, वार पडली का बघा. वासरू मेलं असेल तर घाईनं पुरू नका, डॉक्टरला तपासू द्या. आणि एका कागदावर लिहून ठेवा: गायीच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक, ती कधी भरवली, कुठल्या वळूकडून किंवा स्ट्रॉवर (वीर्याच्या बारीक नळीवर) कोणता क्रमांक होता, पहिल्या दोन महिन्यांत कोणतं औषध पाजलं, कुठे चरायला नेली, आधीच्या वेतांत असं काही झालं होतं का. तो कागद डॉक्टरच्या हातात द्या, त्याच वळूचा पुढचा स्ट्रॉ शेजारच्या गोठ्यात पोचायच्या आत.