शेवाळ खाणारा मासा निवडताना

श्रोतेहो, नमस्कार.

घरी माशांची टाकी आहे, काचेवर शेवाळ धरलंय, दर रविवारी घासून हात दुखतात. मग आपण दुकानात जातो, ‘एक सकर द्या’ म्हणतो आणि पिशवीत बोटाएवढा काळपट मासा घेऊन येतो. इंदूरच्या कितीतरी घरांत हे असंच होतं. आज त्या सकरबद्दल आग्रहाने बोलायचं आहे, कारण घरातल्या बहुतेक टाक्यांसाठी तो चुकीचा मासा आहे.

हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आपल्याकडे येतो तेव्हा दोन-तीन इंचांचा असतो, पण नीट जगला तर दीड फुटाच्या आसपास जातो. आपली नेहमीची दोन फुटी टाकी साठ-सत्तर लिटरची. तिच्यात त्याला धड वळताही येणार नाही. लहानपणी तो शेवाळ खातो हे खरं. मोठा होत गेला की तळाशी पडलेल्या तयार दाण्यांकडे वळतो, आणि विष्ठा इतकी करतो की पाण्यातलं नायट्रेट वाढतं. नायट्रेट म्हणजे शेवाळाचं खतच. शेवाळ कमी व्हावं म्हणून आणलेला मासा असा त्यालाच खत घालत बसतो.

पुढचं ऐकताना वाईट वाटेल, पण सांगायला हवं. टाकीत मावेनासा झाला की लोक तो तलावात सोडून येतात. जीव वाचवला असं त्यांना मनापासून वाटतं. पण याच्या अंगावर हाडांची कडक कवचं असतात, त्यामुळे आपल्याकडचे मोठे मासे त्याला सहसा खात नाहीत. पाण्यातला प्राणवायू कमी झाला तर तो वर येऊन हवा गिळून तगतो. नर काठाच्या मातीत लांब बिळं खोदतात, त्याने काठ ढासळतात. पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत आणि केरळात तो पसरला आहे, तिथल्या कोळ्यांची जाळी तो फाडतो. आपले सिरपूर आणि यशवंत सागर हे तलाव, दोन्ही २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत आले. तिथे किंवा बिलावली तलावात हा मासा कृपा करून सोडू नका. दुकानदाराला परत द्या, नाहीतर मोठी टाकी असलेल्या कुणाला द्या.

मग आणायचं काय? आधी काचेकडे नीट बघा. शेवाळ एकाच जातीचं नसतं, आणि सगळ्यांवर चालेल असा मासाही नाही.

नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत तपकिरी पापुद्रा धरतो, बोट फिरवलं की निघतो. तो बहुधा आपोआप ओसरतो, त्यासाठी मासा आणायची घाई नको. काचेवर हिरवे कडक ठिपके असतील तर ते माशाच्या तोंडाला दाद देत नाहीत. जुन्या ब्लेडने हलक्या हाताने खरवडा. टाकी ॲक्रिलिकची असेल तर मात्र ब्लेड नको, ओरखडे पडतील. वाळूवर निळसर हिरवी, चिकट, वास मारणारी चादर पसरली, तर ते शेवाळ नसून जिवाणू आहेत, आणि त्यांना कुठलाही मासा खात नाही. पाणीच हिरवंगार झालं तरी मासा उपयोगाचा नाही.

पानांच्या कडांना काळे दाढीसारखे झुपके आले असतील तर सयामी अल्गी ईटर. हा ते खातो, असे मासे फार थोडे. पण दुकानात याच नावाखाली भलताच मासा हाती पडतो, म्हणून टाकीसमोर दोन मिनिटं उभे राहा. खऱ्या सयामीची काळी पट्टी तोंडापासून निघून थेट शेपटीच्या पंखाच्या टोकापर्यंत जाते. तो काचेला तोंड चिकटवून लटकत नाही, पंखांवर टेकून बसतो. काचेला घट्ट चिकटलेला, सोनेरी किंवा पट्ट्यांचा मासा दिसला तर तो बहुधा चायनीज अल्गी ईटर. तो मोठेपणी भांडकुदळ होतो, आणि गोल्डफिश, एंजल अशा रुंद अंगाच्या माशांना चिकटून त्यांच्या अंगावरचा चिकट थर ओरबाडतो. तो मुळीच आणू नका.

साध्या हिरव्या किंवा तपकिरी थरासाठी माझी पसंती ब्रिसलनोजला. हा सकरच्याच कुळातला, पण चार-पाच इंचांवर थांबतो. वयात आलेल्या नराच्या नाकावर मिशांसारखे फाटे फुटतात. त्याला चघळायला टाकीत एक लाकडाचा ओंडका मात्र ठेवा. बोअरचं जड पाणीही तो सोसतो.

ऑटोसिंक्लस दीड इंचाचा, फार गोड मासा. सहा-सातांच्या घोळक्यात राहतो, रोपांची पानं न दुखवता साफ करतो. पण नव्या टाकीत तो उपाशी मरतो. टाकी काही महिने जुनी झाल्यावरच आणा, आणि घेताना पोट बघा. मासा काचेला चिकटला की पोट समोरून दिसतं. ते गोल भरलेलं असावं. आत खपाटीला गेलेलं असेल तर तो मासा घेऊ नका, घरी आणून तो क्वचितच सावरतो. आपल्या मे महिन्यातही त्याला त्रास होतो. टाकीचं झाकण उघडून पाण्यावर छोटा पंखा लावला तर बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. पाणी कमी होईल तसं भरत राहा.

जलूदहून येणारं नर्मदेचं पाणी नळाला क्लोरीन घालूनच येतं. बादलीत दिवसभर उघडं ठेवा किंवा क्लोरीन मारणारे थेंब घाला, मगच टाकीत ओता. टाकी खिडकीजवळ असेल तर आधी ती हलवा. दिवा सहा ते आठ तासांपेक्षा जास्त नको, आणि दाणे दोन मिनिटांत संपतील एवढेच. हे केलं नाही तर वर सांगितलेले मासे आणूनही काच हिरवीच राहील.

आणि त्यांना फक्त शेवाळावर ठेवू नका. काच स्वच्छ झाली की त्यांचं अन्न संपलं. दिवा मालवल्यावर काकडीची एक चकती किंवा उकळत्या पाण्यातून काढलेलं पालकाचं पान टाकीत सोडा, बुडावं म्हणून स्टीलच्या चमच्यात अडकवा. सकाळी उरलेलं सगळं काढून टाका, नाहीतर ते कुजून पाणी गढूळ होतं.