कुठेही पुरा

(दृश्य: ओस्तियाचे भग्नावशेष, विटांच्या भिंती, मोकळं आकाश)

सन ३८७. रोमजवळचं ओस्तिया बंदर. आफ्रिकेकडे जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत एक कुटुंब इथे थांबलं आहे. त्यातली आई, मोनिका, तापाने अंथरुणाला खिळली आहे. वयाचं ५६वं वर्ष. मध्येच तिची शुद्ध हरपते. डोळे उघडते तेव्हा विचारते, "मी कुठे होते?"

उशाशी तिचे दोन मुलगे आहेत. एकजण म्हणतो, परक्या मुलखात नको, आपल्या मायभूमीत मरण आलं तर बरं. मोनिका त्याच्याकडे रोखून पाहते. मग सांगते, हे शरीर कुठेही पुरा, त्याची काळजी करू नका. एवढंच मागते, जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा.

याच बाईने नवऱ्याच्या कबरीशेजारी स्वतःसाठी जागा करून ठेवली होती.

आजाराच्या नवव्या दिवशी ती गेली. दुसऱ्या मुलाने तिचे डोळे मिटले. तो ऑगस्टीन, पुढे ख्रिस्ती धर्माचा मोठा विचारवंत ठरलेला. वयाचं ३३वं वर्ष, ३८७च्याच ईस्टरला बाप्तिस्मा घेतलेला. त्याच्या पोराने, अदिओदातुसने, हंबरडा फोडला, तर सगळ्यांनी त्याला गप्प केलं. मेलेले पुन्हा उठतील असा विश्वास आहे ना, मग रडायचं कशाला? ऑगस्टीननेही डोळे कोरडे ठेवले. दफनाहून परतला तरी कोरडेच. दुःख हलकं होईल म्हणून स्नानगृहात जाऊन आंघोळ करून आला. काही उपयोग झाला नाही. रात्री झोप लागली, जाग आली, आणि मग एकट्याने तो रडला. पुढे हे सगळं त्याने लिहून ठेवलं, तेही थोडं ओशाळून. जेमतेम घटकाभर रडलो, मला हसू नका, अशा सुरात.

ओशाळायचं खरं तर कारण नव्हतं. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा ११वा अध्याय काढून पाहा. येशूचा मित्र लाजर मरण पावला आहे, त्याला कबरीत ठेवून चार दिवस झालेत. येशू तिकडे निघाला आहे. थोड्याच वेळात तो लाजराला हाक मारून बाहेर बोलावणार आहे, आणि हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तरीही मध्ये एक वचन येतं, अवघ्या दोन शब्दांचं. "येशू रडला."

पिंजरा मोडला, पाखरू सुटलं, सुटका झाली, असं ख्रिस्ती श्रद्धा मरणाबद्दल म्हणत नाही. करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल मृत्यूला शेवटचा शत्रू म्हणतो. शत्रू आपला माणूस घेऊन गेला तर रडू येणारच. आशा आहे ती या शत्रूच्या पराभवाची. मातीत पडलेलं बी जसं वेगळंच रूप घेऊन वर येतं, तसं शरीर उठेल. आणि ही सगळी आशा एका रिकाम्या कबरीवर उभी आहे. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ, हे पौलच सांगतो, आडपडदा न ठेवता.

पण उठायचं ते न्यायासाठीही.

(दृश्य: व्हॅटिकनमधलं सिस्टिन चॅपल, वेदीमागची भिंत)

मायकेलँजेलोने अंतिम न्यायाचं हे चित्र १५४१ मध्ये पूर्ण केलं. तीनशेहून अधिक आकृत्या. लोकांची नजर बहुधा उजवीकडे खाली जाते, नरकाच्या होडीकडे. जरा डावीकडे पाहा. माती बाजूला सारत माणसं वर येताहेत, काहींचे नुसते सांगाडे. थोडं वर कुणीतरी जपमाळेला धरून दोघांना ओढून घेतो आहे. आणि मधोमध, हात उगारलेल्या न्यायाधीशाच्या अंगावर खिळ्यांचे व्रण. ज्याला निरपराध असताना मरणाची शिक्षा झाली, तोच आता न्यायाला बसला आहे.

बायबलच्या ९६व्या स्तोत्रात देव पृथ्वीचा न्याय करायला येतो, तेव्हा रानातली झाडं आनंदाने गातात. कापत नाहीत, गातात. ज्याला जन्मभर कुठल्याही दारी दाद मिळाली नाही, त्याला या गाण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

ज्याच्या दारी कुणी दाद मागायला आलं होतं, त्याचं काय? मत्तयाच्या २५व्या अध्यायात निकाल लागतो तो भुकेल्याला, तहानेल्याला, परक्याला, उघड्याला, आजाऱ्याला आणि कैद्याला कसं वागवलं यावर. त्यांच्यासाठी जे केलंत ते माझ्यासाठीच केलंत, असं न्यायाधीश सांगतो. त्यातल्या एका तपशिलापाशी मी नेहमी अडतो. उजवीकडे उभे केलेले नीतिमान आणि डावीकडे उभे केलेले दोषी, दोघेही एकच प्रश्न विचारतात. प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं?

आईच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी ऑगस्टीनने तिच्यासाठी एक प्रार्थना लिहिली. तिची पुण्याई त्याने मुद्दाम बाजूला ठेवली. तिच्याशी न्यायाचा वाद मांडू नकोस, एवढंच मागितलं. दया न्यायाहून वरचढ ठरू दे. (मेलेल्यांसाठी प्रार्थना करावी का, यावर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट आजही वाद घालतात. ऑगस्टीनने मात्र केली.)

(दृश्य: ओस्तिया, चर्चशेजारचं अंगण)

१९४५ च्या उन्हाळ्यात इथे दोन मुलं खेळासाठी खांब रोवायला खड्डा खणत होती. खणताना संगमरवराचा एक तुटका तुकडा लागला. त्यावर लॅटिन अक्षरं होती, अर्ध्या ओळींची. मोनिकाच्या कबरीवरचा लेख होता तो.