एका घटनेचे किती खटले?

श्रोतेहो, नमस्कार. ६ नोव्हेंबर १९४९ रोजी जेद्दाहून आलेला एक प्रवासी मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर उतरला, आणि झडतीत त्याच्याजवळ जाहीर न केलेले १०७.२ तोळे सोने सापडले. सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी ते जप्त केले. १२,००० रुपये दंड भरून सोडवून घेण्याची मुभा दिली, पण कोणी पुढे आले नाही. पुढे १९५० साली त्याच सोन्यासाठी परकीय चलन कायद्याखाली त्याच्यावर फौजदारी खटला भरण्यात आला. एकदा शिक्षा झाली, आता पुन्हा कशी, हा त्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५३ च्या 'मकबूल हुसेन विरुद्ध मुंबई राज्य' या निकालात न्यायालयाने सांगितले की, सीमाशुल्क अधिकारी म्हणजे न्यायालय नव्हे. म्हणून जप्ती ही संविधानाच्या अनुच्छेद २०(२) मधील, म्हणजे एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला आणि शिक्षा होऊ नये असे सांगणाऱ्या तरतुदीतील, शिक्षा ठरत नाही.

हा निकाल आजही महत्त्वाचा आहे, कारण या अनुच्छेदाचे संरक्षण आपण समजतो त्यापेक्षा बरेच अरुंद आहे. पहिल्या वेळी न्यायालयात खटला चालून शिक्षा झालेली असली, तरच ते लागू होते. म्हणूनच विभागीय चौकशीत नोकरी गमावलेल्या कर्मचाऱ्यावर त्याच आरोपासाठी न्यायालयात खटलाही चालू शकतो.

निर्दोष सुटलेल्या माणसाला आधार मिळतो तो संविधानापेक्षा फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातून. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३००, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३३७, असे सांगते की दोषी ठरलेल्या किंवा निर्दोष सुटलेल्या व्यक्तीवर तो निकाल कायम असेपर्यंत त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येणार नाही. मात्र आरोपमुक्ती, म्हणजे आरोप निश्चित होण्याआधीच आरोपीला सोडून देणे, ही निर्दोष सुटका नव्हे, हे पक्षकारांना अनेकदा फार उशिरा कळते. शिवाय, गंभीर दुखापतीसाठी शिक्षा झाल्यानंतर तो जखमी माणूस दगावला, तर सदोष मनुष्यवधाचा नवा खटला उभा राहू शकतो; हे मला न्याय्यच वाटते, कारण पहिल्या खटल्याच्या वेळी तो मृत्यू घडलेलाच नव्हता.

खरा जाच मात्र निकालाआधीच सुरू होतो. एका घटनेबद्दल किंवा एका वक्तव्याबद्दल चार जिल्ह्यांतील पोलीस ठाण्यांत चार गुन्हे दाखल होतात, आणि आरोपीला प्रत्येक ठिकाणी वकील, जामीन आणि तारखा सांभाळाव्या लागतात. केरळमधील कुथुपरंबा येथील १९९४ च्या पोलीस गोळीबारातून उद्भवलेल्या टी. टी. अँटनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली स्पष्ट केले की, त्याच घटनेबद्दल दुसरा प्रथम खबरी अहवाल नोंदवता येत नाही. नवी माहिती मिळाली तर पहिल्याच गुन्ह्यात पुढील तपास करावा. विरुद्ध बाजूची उलट फिर्याद मात्र स्वतंत्रपणे नोंदवता येते.

असे असूनही दुसरा गुन्हा रद्द करून घेण्यासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते, आणि गुन्हे निरनिराळ्या राज्यांत असतील तर ते एकत्र करून घेण्यासाठी बहुधा थेट दिल्ली गाठावी लागते. हा खर्च सामान्य माणसाला परवडणारा नाही. मागील गुन्ह्याचा क्रमांक दाखवताच ठाणे अंमलदाराने नव्या तक्रारीतील माहिती मूळ तपास अधिकाऱ्याकडे वर्ग करावी, अशी सक्ती कायद्यातच असायला हवी. तोपर्यंत ज्यांचा एक खटला संपला आहे, त्यांनी निकालाची प्रमाणित नक्कल काढून जपून ठेवावी, आणि दुसरे समन्स आले तर पहिल्याच तारखेला वकिलामार्फत ती न्यायालयापुढे ठेवावी. नमस्कार.