पोटुशीचं हाड मोडतं तेव्हा

मंडळी, वेळ अर्ध्या तासाची, त्यातली दहा मिनिटं माझ्या सत्काराच्या नारळानं खाल्ली. तेव्हा थेट पाखाडीवर येतो.

आपल्याकडच्या जांभ्याच्या पाखाड्या, म्हणजे दगडी पायवाटा! मे महिन्यात त्यांचे फोटो काढायला पाहुणे येतात, जुलैत त्याच शेवाळावरून घसरलेली माणसं माझ्याकडे येतात. अशीच एक सात महिन्यांची पोटुशी घसरली. गुडघ्याखाली पायाची दोन्ही हाडं मोडलेली. पहिल्या दवाखान्यात सांगितलं, गरोदर आहे, एक्स-रे नको. दुसऱ्यात सांगितलं, आधी बाळंतीण होऊ दे. बाईंच्या डॉक्टरकडे गेली, तर ते म्हणाले, हाडवाल्याकडे जा. दोन दिवस गेले. गावच्या हाडवैद्यानं निदान कामट्या तरी बांधल्या होत्या. माझा राग त्याच्यावर नाही, आम्हा पदवीवाल्यांवर आहे.

मी एक्स-रे सांगितला तशी सासू आडवी आली. "डॉक्टरानू, फोटो नको. पोर पोटात भाजात!" माझा तंत्रज्ञही भिंतीआडून माझ्याकडेच बघत होता. तो भिंतीआड का जातो, हेही लोक विचारतात. अहो, तो दिवसभर, वर्षभर तेच काम करतो. हिचे फोटो दोन.

आता आकडा ऐका. किरणं मोजतात मिलीग्रेमध्ये. पायाच्या एक्स-रेतून बाळापर्यंत पोहोचतं ते 0.001 मिलीग्रेहूनही कमी. काळजी सुरू होते 50 मिलीग्रेच्या पुढे. घरी बसून नऊ महिन्यांत निसर्गातूनच साधारण 1 मिलीग्रे मिळतं. हे मी सासूला सांगितलं. ती म्हणाली, "मगे आधीच्यांनी कित्याक नाय काढलो?" याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. फोटो काढला, रॉड घातला. मुलगा झाला; आता तोच त्या पाखाडीवरून उड्या मारत शाळेत जातो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे मूळ विषय आता! पहिलं, आई वाचवा, बाळाची वाट तीच. पाचव्या महिन्यानंतर तिला उताणी निजवू नका, डाव्या कुशीकडे कलती ठेवा. गर्भाशय मोठ्या शिरेवर दाबतं आणि रक्तदाब उतरतो. शेवटच्या महिन्यांत अंगातलं रक्त जवळपास दीडपट झालेलं असतं, म्हणून पुष्कळ रक्त जाऊनही नाडी फसवते. पोट दुखलं, अंगावरून रक्त गेलं, तर वार सुटली का ते बघा. वरून काही दिसत नसलं तरी बाळाचे ठोके किमान चार तास तपासत राहा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर 72 तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन. दुखण्याला पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन शेवटच्या महिन्यांत नकोच. पडून राहिल्यानं पायात गुठळ्या होतात, गरोदरपणात तर जास्तच, म्हणून गरजेची शस्त्रक्रिया बाळंतपणापर्यंत ढकलू नका.

आणि कंबरेचं हाड मोडलं म्हणजे सिझेरियनच, असंही नाही. हाड नीट जुळलेलं असेल तर... बरं, आता चिठ्ठी नाही, अध्यक्ष स्वतःच उठले. उरलेलं चहाच्या टेबलाशी विचारा.