लाईन आली, सर्वर चालू झाला, पण टाइम मागेच! घरच्या सर्वरचं घड्याळ असं दुरुस्त करा

नमस्कार मंडळी. घरी रास्पबेरी पायवर, म्हणजे तळहाताएवढ्या छोट्या कॉम्प्युटरवर, नाहीतर जुन्या डेस्कटॉपवर जे कोणी छोटा सर्वर चालवून राहिले, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग, फोटोचा बॅकअप, मोटरचं ऑन-ऑफ, असं काही, त्यांच्यासाठी हा व्हिडिओ आहे. आपल्या इकडे खेड्यात लाईन जाते, दोन-तीन तासांनी येते, सर्वर आपोआप चालू होते, आपण म्हणतो झालं बाप्पा, पण आतमधलं घड्याळ मागेच राहिलेलं असते.

अन् लोक फसतात ते इथंच, कारण एरर घड्याळाच्या नावानं येतच नाही. ब्राउझर म्हणते सर्टिफिकेट अजून लागू झालं नाही. ऑथेंटिकेटरचा कोड चालत नाही, कारण तो कोड वेळेवरूनच बनते, दर ३० सेकंदाला. अपडेट मारली तर म्हणते रिलीज फाइल अजून व्हॅलिड नाही, अन् पुढं किती तास बाकी आहेत तेबी लिहून देते, तो आकडा नीट वाचा, कमीतकमी तेवढं तरी तुमचं घड्याळ मागं आहे. लोक ते वाचत नाहीत, राउटर बदलतात, कार्ड फॉरमॅट मारतात. असं करू नका, पहिले तारीख पाहा.

आता हे होते काहून? रास्पबेरी पाय ४ अन् त्याच्या आधीच्या बोर्डात बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. लाईन जायच्या आधी शेवटचा जो टाइम फाइलमध्ये सेव्ह झाला, तिथूनच ते मोजायला लागते. पाय ५ मध्ये घड्याळ आहे पण बॅटरी वेगळी जोडा लागते. अन् जुना डेस्कटॉप असन तर आतला सीआर २०३२ सेल संपला असन, तो बदला, विषय संपला.

चला, टर्मिनल उघडा. टाइमडेटसीटीएल टाइप करा, स्क्रीनवर दिसते तसं. दोन ओळी पाहायच्या. एक टाइमझोन, तिथं एशिया कोलकाता पायजे. फरक बरोब्बर साडेपाच तासांचा असन तर घड्याळ ठीक आहे, झोन चुकला आहे, बाकी काही हात लावू नका. दुसरी ओळ, सिस्टम क्लॉक सिंक्रोनाइज्ड, तिथं नो असन तर पुढं चला.

मी सगळ्यांना क्रोनी टाकायला सांगतो, म्हणजे इंटरनेटवरून टाइम घेऊन घड्याळ जुळवणारा प्रोग्राम, कारण सिस्टममध्ये त्याच कामासाठी आधीपासून असते ते टाइमसिंकडी फक्त स्वतःचा टाइम घेते, घरातल्या बाकीच्यांना देऊ शकत नाही. क्रोनीसी सोर्सेस मारा अन् रीच नावाचा कॉलम पाहा. ३७७ असन तर मागच्या आठही वेळा उत्तर आलं. शून्यावरच अडकलं असन तर पॅकेट वापस येऊन नाही राहिले, म्हणजे टाइम ज्या रस्त्यानं येते तो यूडीपीचा १२३ नंबर पोर्ट कुठंतरी अडते. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून पाहा, तिथं चाललं तर दोष राउटरच्या बाजूला.

एक गुंता मात्र लय चिवट आहे. त्याच सर्वरवर पाय-होल आहे, म्हणजे जाहिराती अडवणारा अन् वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारा प्रोग्राम, अन् त्यात डीएनएसएसईसी, म्हणजे त्या नावांच्या डिजिटल सह्या तपासायचा पर्याय, चालू आहे, अशा घरात घड्याळ मागं गेलं की नावांच्या सह्या तारखेत बसत नाहीत, म्हणून टाइम सर्वरचं नावच सापडत नाही, नाव नाही म्हणून टाइम नाही, अन् टाइम नाही म्हणून नाव नाही. कितीही रीस्टार्ट मारा, ते सुटत नाही. तात्पुरतं डीएनएसएसईसी बंद करा, टाइम येऊ द्या, मंग चालू करा. अन् हातानं डेट कमांड मारत बसू नका, क्रोनीसी मेकस्टेप मारा, एका झटक्यात बरोबर होते. नाहीतर सुरुवातीला काही वेळा टाइम घेऊन झाल्यावर क्रोनी फरक हळूहळू भरून काढते, तासांचा फरक असन तर लय वेळ लागते.

पण खरा इलाज म्हणजे डीएस ३२३१ चं मॉड्यूल, पायला जोडायचं सेलवर चालणारं छोटं घड्याळ. आपल्या गावात लाईन जाणारच, तर घड्याळाला स्वतःचा सेल पायजेच. ० ते ४० डिग्रीत ते वर्षाला साधारण एक मिनिट चुकते, ४० च्या वर गेलं, अन् आपल्या टिनाच्या खोलीत मे महिन्यात जातेच, तरी वर्षाचे दोन मिनिटांच्या आत. जोडताना ३.३ व्होल्टच्या पिनवरच जोडा. ५ वर जोडलं तर पायच्या पिन जाऊ शकतात, अन् बाजारातल्या निळ्या मॉड्यूलचं चार्जिंग सर्किट साध्या सेलला चार्ज करायला पाहते, तो चार्ज व्हायचा सेलच नाही.

आता कॅमेरे. क्रोनीच्या फाइलमध्ये अलाऊ लिहून आपल्या घरच्या नेटवर्कचा पत्ता टाका, खाली लोकल स्ट्रॅटम १० लिहा, म्हणजे टॉवर बंद असला, नेट नसलं, तरी सर्वर घरात टाइम देत राहते. मंग प्रत्येक कॅमेऱ्याच्या एनटीपी सेटिंगमध्ये, म्हणजे टाइम कुठून घ्यायचा त्या सेटिंगमध्ये, सर्वरचा आयपी टाका. हे मी कळकळीनं सांगून राहिलो, कारण विहिरीवरून मोटरची केबल चोरीला गेली अन् फुटेजवर रात्री दोनच्या जागी संध्याकाळचे सात दिसले, तर ठाण्यात पहिला प्रश्न त्याच्यावरच येईल. अन् कॅमेऱ्यात डेलाइट सेव्हिंग चालू असन तर बंद करा, भारतात ते नाहीच, एक तासाचा फरक तिथूनच येते.