बंदूक, तिची किंमत आणि तिचे कागद

श्रोतेहो, नमस्कार.

लास वेगासमधल्या एका गहाणवटीच्या दुकानावरची ‘पॉन स्टार्स’ ही अमेरिकन मालिका २००९ मध्ये सुरू झाली. आपल्याकडेही ती अनेकांनी पाहिली असेल. कुणीतरी आजोबांची बंदूक घेऊन येतो, जाणकाराला बोलावणं जातं, घासाघीस होते आणि शेवटी आकडा ठरतो. तिथे १८९८ हे साल वारंवार कानावर पडतं, कारण अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यानं त्या सालापर्यंत बनलेल्या बंदुकांना पुरातन वस्तू मानलं आहे.

अशा मालिका मला आवडतात, पण त्या आकड्याकडे फार घाईनं धावतात. बंदुकीची किंमत ठरते ती तिच्यामागच्या पुराव्यावर, आणि नेमका तोच भाग दोन मिनिटांत उरकला जातो.

एक उदाहरण सांगते. १४ जुलै १८८१ च्या रात्री न्यू मेक्सिकोत फोर्ट समनर इथं शेरीफ पॅट गॅरेटनं बिली द किड या कुख्यात गुन्हेगाराला अंधाऱ्या खोलीत गोळी घातली. गॅरेटच्या हातातलं रिव्हॉल्व्हर कोल्ट या अमेरिकन कंपनीचं होतं. ही कोल्ट त्यानं बिलीच्याच एका साथीदाराला पकडताना जप्त केलेली होती. पुढं ती एल पासोच्या एका दारूच्या गुत्त्यात प्रदर्शनाला लागली. १९०८ मध्ये गॅरेटचा खून झाला. ती बंदूक परत मिळावी म्हणून त्याची विधवा, अपोलिनारिया, कोर्टात गेली. १९३० च्या दशकात, म्हातारपणी, ती खटला जिंकली. ऑगस्ट २०२१ मध्ये बॉनहॅम्सच्या लिलावात या कोल्टला साठ लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. अंदाज होता वीस ते तीस लाखांचा. तशाच बनावटीची, पण कुणा प्रसिद्ध माणसाशी नातं नसलेली कोल्ट काही हजार डॉलरांत मिळते. मधला फरक हा कागदांचा आहे, आणि त्यात त्या बाईच्या चिकाटीचा वाटा मोठा आहे. पडद्यावर तिला जागा मिळायला हवी.

कोल्ट कंपनी आजही जुन्या नोंदवह्या पाहून पत्र देते: अमुक क्रमांकाची बंदूक कधी आणि कुणाकडे रवाना झाली. विंचेस्टर या दुसऱ्या बंदूक-कंपनीच्या नोंदी वायोमिंगमधल्या कोडी गावच्या संग्रहालयात आहेत. अशा वह्यांमध्ये बसलेल्या माणसांवर कुणी मालिका काढली, तर मी आनंदानं पाहीन.

दुसरी बाजूही सांगायला हवी. डिस्कव्हरीवर ‘अमेरिकन गन्स’ नावाची मालिका होती, कोलोरॅडोतल्या एका बंदूक-व्यापारी कुटुंबावरची. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेतल्या सँडी हूकच्या शाळेत गोळीबारात वीस मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली, आणि त्यानंतर ती बंद असल्याचं वाहिनीनं जाहीर केलं. ते योग्यच झालं. संग्राहकाच्या कपाटातली वस्तूही माणूस मारण्यासाठीच घडवलेली असते. ते विसरून नुसत्या भावावर टाळ्या वाजवणं मला पटत नाही.

आपल्याकडेही लिलावाची ताजी आठवण आहे. २०२५ मध्ये लंडनच्या सदबीजमधून रघुजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र शासनानं सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली. पात्यावर देवनागरीत कोरलेलं नाव, हाच तिचा दाखला.

तुमच्या वाड्यात ठासणीची बंदूक असेल, तर ती घासून चकचकीत करू नका; मूळ पृष्ठभाग गेला की मोल घसरतं. ती झाडता येण्याजोगी असेल, तर परवाना लागतो. आणि ती कुणाची, कुठून आली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून, तारीख घालून, लिहून ठेवा.

नमस्कार.