कालव्याच्या तोंडावरचे दोन दिवे

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो. आपल्या भागातून समुद्र शेकडो कोस लांब, तरी वऱ्हाडाच्या कापसाचं त्याच्याशी नातं जुनं आहे. नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाला, १८७० साली खामगावला रेल्वे आली, आणि इथल्या गाठींना आफ्रिकेचा वळसा न घालता विलायतेला जायची वाट मोकळी झाली. अशा कालव्याच्या तोंडाशी मोठं जहाज काळोख्या रात्री गाळात न रुतता आत कसं शिरतं, ते आज ऐकू या.

जहाजासाठी खोल खणलेली पाण्याखालची वाट म्हणजे चॅनल. वरून सगळं पाणी सारखंच दिसतं. म्हणून चॅनलच्या मध्यरेषेच्या सरळ पुढे दोन दिवे उभारतात, त्यांना रेंज लाइट म्हणतात. पुढचा दिवा ठेंगणा, मागचा बराच दूर आणि उंच. जहाज रेषेवर असलं की दोन्ही दिवे ओळंब्यात, एकावर एक दिसतात. जरा सरकलं की ओळंबा मोडतो.

हे शेतात करून पाहा. धुऱ्यावर चार फुटांची काठी रोवा. तिच्या मागे वीस पावलांवर आठ फुटांचा बांबू. काठीसमोर साठ पावलांवर उभे राहा आणि दोन्ही एका रेषेत आणा. आता दोन पावलं उजवीकडे सरका. काठी बांबूच्या डावीकडे गेलेली दिसेल. म्हणजे तुम्ही उजवीकडे भरकटलात, डावीकडे यायला हवं. जहाजाला वाट दाखवणाऱ्या जाणकाराचा, म्हणजे पायलटचा, नियम हाच : खालचा दिवा ज्या बाजूला सरकला, त्या बाजूला जहाज न्यायचं. बाहेर पडताना मात्र दिवे पाठीशी असतात. मागे तोंड करून पाहिलं की आपलं डावं ते जहाजाचं उजवं होतं, आणि दमलेल्या माणसाकडून तिथेच उलटा हुकूम जातो.

आता बांबू काठीच्या अगदी जवळ, दोन पावलांवर आणून पुन्हा सरका. फरक जेमतेम कळेल. दोन दिव्यांमधलं अंतर इतकं मोलाचं असतं. समजा पुढचा दिवा जहाजापासून ४ किलोमीटरवर आणि मागचा त्याच्याही मागे १ किलोमीटरवर आहे. जहाज रेषेपासून २० मीटर ढळलं, तर दोन दिव्यांत पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या साधारण नवव्या हिश्शाएवढी फट दिसते. सरावलेल्या डोळ्याला ती पुरते. दिव्यांमधलं अंतर अर्धा किलोमीटरच ठेवलं, तर फट जवळपास निम्म्यावर येते आणि चूक उशिरा ध्यानात येते. म्हणून मागच्या दिव्यासाठी आत दूरवर जागा शोधावी लागते, मग तिथे डोंगर असो की झाडी.

उजेडाचं गणितही नाजूक आहे. एक दिवा फार प्रखर झाला तर दुसरा त्यात बुडतो. उंचीत फरक कमी पडला तर दुरून दोन्ही मिळून एकच ठिपका दिसतो. काठावर गाव वाढलं की मागे शेकडो बल्ब येतात, म्हणून रेंजच्या दिव्यांना ठरावीक रंग किंवा लुकलुकण्याची ठरावीक लय देतात. दिवसा त्याच मनोऱ्यांवरचे उभ्या पट्ट्यांचे फलक कामी येतात.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे आडवा प्रवाह आणि वारा. वैनगंगेच्या भरल्या पात्रात डोंगा पलीकडे लावायचा तर तोंड प्रवाहावर धरावं लागतं. जहाजाचंही तसंच. नाक तिरपं असतं, पण दिवे ओळंब्यात असले तर जहाज बरोबर वाटेवर आहे. नवखा माणूस नाक सरळ करतो आणि जहाज बाजूला वाहतं. नाकापेक्षा दिव्यांवर विश्वास ठेवायचा, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. दुसरी चूक वळणावर होते. वळणापुढच्या वाटेचे जे दोन दिवे असतात, ते ओळंब्यात येईपर्यंत थांबून मग सुकाणू फिरवलं, तर उशीर झालेला असतो. भरलेलं जहाज वळायला वेळ घेतं, म्हणून वळण आधीच सुरू करावं लागतं.

चूक किती महाग पडते? मार्च २०२१ मध्ये ४०० मीटर लांबीचं एक जहाज सुएझमध्ये आडवं अडकलं, आणि सहा दिवस कालवा बंद राहिला. पनामा कालव्याच्या जुन्या लॉकची, म्हणजे पाणी भरून-सोडून जहाज चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या भिंतीबंद हौदाची, रुंदी ३३.५ मीटर, त्यात ३२.३ मीटर रुंदीची जहाजं जातात. दोन्ही बाजूंना जेमतेम दोन-दोन फूट जागा उरते. लॉकमध्ये दोरखंड बांधून विजेची इंजिनं जहाज सांभाळतात, पण त्या भिंतीपर्यंत ते सरळ रेषेत यायला हवं.

दिव्यांची निगा साधी वाटते, पण चुकवून चालत नाही. काच पुसायची, बॅटरी आणि सौर पॅनल तपासायचं, मनोरा कलला का ते मोजायचं, दोन दिव्यांच्या आड वाढणारी झाडी दर पावसाळ्यानंतर छाटायची. आणि एक दिवा विझला, तर उरलेल्या एकट्यावर जहाज हाकायचं नाही. एकटा दिवा दिशा दाखवतो, रेषा दाखवत नाही. दिवा बंद पडल्याचा इशारा लगेच सगळ्या जहाजांना रेडिओवरून दिला जातो. नमस्कार.